गुरुवारी परत आण

"हाई मन्हं शे हं! गुरुवारले परत आन."

'हे माझं आहे हं' असं बजावणारं नानांचं हे अहिराणी वाक्य आमच्या विभागाच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. धुळ्याच्या एका दवाखान्यात मुलांच्या मानसिक आजारांसाठी आम्ही दोघं समुपदेशक. ते मुरलेले, मी नवखी. एखाद्या मुलाने जीव नकोसा झालाय म्हटलं, की आईबापांना सगळं समजावून झाल्यावर नाना निघताना त्याच्या हातात आपली वस्तू ठेवत. पेन, टोपी, चष्म्याचं घर. भेट नव्हे, उसनी. उसनी वस्तू परत करायला माणूस येतोच, असा त्यांचा भारी विश्वास.

तुम्ही हसाल. मीही हसायचे. एकदा त्यांनी स्कूटरची किल्लीच देऊन टाकली आणि आठवडाभर देवपूरच्या घरून पायी आले.

"अहो नाना, दुसरी किल्ली असेल ना?"

"ती दुसऱ्या पोराकडे आहे."

पण गुरुवारी सकाळपासून त्यांचे डोळे दाराकडे. मूल उशिरा आलं की हातातला चहा हिंदकळायचा. "लोकांना वाटतं मला सवय झालीय," म्हणायचे. "कसली सवय! दर गुरुवार पहिलाच असतो."

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी जेवता जेवता नाना गेले.

त्यानंतरच्याच गुरुवारी दोंडाईच्याकडची चौदा वर्षांची मुलगी आईबरोबर आली. हातात रुमालात बांधलेलं नानांचं घड्याळ.

"नाना कोठे शेतस?"

सांगावं लागलं. ती रडली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिने घड्याळ पुढे केलं. "मंग हाई कोनले देऊ?"

मी घड्याळ परत तिच्या मुठीत सरकवलं. म्हटलं, "ठेव गं तुझ्याकडेच. नानांची आठवण."

तिने मान डोलावली आणि आईमागे निघून गेली.

पुढचा मुलगा आत आला. तो नाव सांगत होता आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अगं बाई, काय करून बसले मी! ठेव म्हणाले. म्हणजे आता आली नाहीस तरी चालेल म्हणाले. त्या पोरीला!

मुलाला सिस्टरकडे सोपवलं आणि धावत सुटले. तिच्या आईचा फोन लागेना. स्टँडवर रिक्षातून उतरले तेव्हा दोंडाईच्याची बस फलाटावरून निघत होती. मी सरळ बससमोर आडवी उभी राहिले.

"ओ ताई, मरायचंय का?" कंडक्टर ओरडला.

ती खिडकीशीच बसली होती. मी धापा टाकत म्हटलं, "चुकलं माझं. ते घड्याळ तुझं नाही. ते नानांचं आहे. परत द्यायचं."

तिने रुमाल पुढे केला.

"आत्ता नाही. गुरुवारी. मला आणून द्यायचं, माझ्या हातात."

तिने हात मागे घेतला. मग रुमालाला आणखी एक गाठ मारली आणि हमसून हमसून रडायला लागली.

तेव्हापासून ते घड्याळ दर गुरुवारी येतं आणि जाताना मी ते पुन्हा तिच्या हातात ठेवते.

आज गुरुवार. तिची साडेदहाची गाडी कधीच येऊन गेली. सव्वाअकरा झालेत. मी नानांच्या खुर्चीत बसलेय आणि कपातला चहा बशीत सांडलाय. नाना, इतकी वर्षं तुम्ही हे कसं हो सोसलंत?

दारात अजून कोणी नाही.