भाऊजी एका जागी बसले तो दिवस

पृथ्वी स्वतःभोवती फिरते याचा जगात सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल, तर तो आमच्या भाऊजींना. आपण खुर्चीत बसलेलो असलो तरी कुठेतरी निघालोय, एवढ्याच आशेवर ते खुर्चीत बसतात. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला इंग्लंडात रीडिंगला, नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे पोटापाण्यासाठी आठवडाभर बसून काढायचं. त्याचा सगळा सूड ते शनिवार-रविवारी उगवतात. चहा उभ्यानं पितात. जेवायला बोलावलं तर आपला भात संपायच्या आत त्यांच्या पायात बूट असतात. एकदा हॅरोला माझ्याकडे सत्यनारायणाला आले, तर कथेच्या तिसऱ्या अध्यायाला ते मागच्या गार्डनमध्ये कुंपण हलवून बघत होते आणि चौथ्याला गुरुजींच्या कानाशी लागून विचारत होते, "एम-फोरला आत्ता ट्रॅफिक कसं असेल हो?" गुरुजीही रीडिंगकडचेच असल्यामुळे पाचवा अध्याय जरा लवकर आटोपला.

गाडी कुठेही लावायची तर तोंड बाहेरच्या दिशेला, हा त्यांचा धर्म. सुपरमार्केट असो, देऊळ असो की हॉस्पिटल, आधी रिव्हर्स, मग बाकीचं. माझ्या भाचीच्या जन्माच्या वेळी ताई मागच्या सीटवर कळा देत होती आणि भाऊजी मॅटर्निटीच्या दारात गाडी उलटी लावत होते. नंतर मी जाब विचारला तर शांतपणे म्हणाले, "अगं, निघताना बरं पडतं." त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या तीन शब्दांत आलं.

आणि अशा माणसाला बायको मिळाली ती माझी ताई. ताई चित्रं काढते. लग्नाआधी ती कागद घेऊन खिडकीशी बसली की जेवायला हाका मारून मारून आईचा घसा बसायचा. भाऊजींबरोबर तिनं इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड सगळं पालथं घातलं, पण त्यांच्या घरातल्या भिंतींवर बघाल तर अर्धा किल्ला, शिखर नसलेलं एक चर्च, आणि एक मेंढी, जिचे मागचे पाय भाऊजींनी हॉर्न वाजवल्यामुळे कायमचे राहून गेले. पाहुणे त्याला मॉडर्न आर्ट समजून मान डोलावतात. मला मात्र ती मेंढी बघितली की भाऊजींचा राग यायचा, आणि तो मी कधी लपवलाही नाही.

ताईला पन्नास वर्षं झाली तेव्हा भाऊजींनी तिला काय हवं ते विचारलं. ती म्हणाली, "एक अख्खा दिवस. एकाच जागी. आणि तुम्ही 'चला' म्हणायचं नाही." आपली किडनी मागितल्यासारखा भाऊजींचा चेहरा झाला, पण त्यांनी शब्द दिला. साक्षीदार म्हणून मला मागच्या सीटवर घेण्यात आलं.

जागा ताईनंच निवडली. केंटच्या टोकाला डंजनेस म्हणून आहे, त्याला लोक इंग्लंडचं वाळवंट म्हणतात. वाळू नाही, नजर जाईल तिथवर नुसते गोटे. झाड नाही, कुंपण नाही. मधूनच डांबर फासलेल्या काळ्या लाकडी केबिनी, एक दीपगृह, आणि मोडक्या होड्या नि गंजक्या साखळ्या जोडून तिथल्या कलाकारांनी वाऱ्यात उभ्या केलेल्या आकृत्या. एका म्हाताऱ्या चित्रकार बाईंनी त्या दिवशी आपली केबिन सगळ्यांना खुली ठेवली होती, कुणीही यावं आणि चित्र काढावं. ताई दारातल्या स्टुलावर समुद्राकडे तोंड करून बसली, आणि बसताक्षणी मला ती आमच्या घरातली खिडकीजवळची ताई दिसली. हाक मारून काही उपयोग नाही अशी.

भाऊजींनी पहिल्या तासातच दीपगृह चढून उतरून घेतलं, पलीकडच्या वीजकेंद्राला लांबून चक्कर मारली, तिथल्या छोट्या रेल्वेचं टाइमटेबल पाठ केलं आणि मग ते केबिनभोवती घिरट्या घालायला लागले. 'चला'मधला 'च' त्यांच्या ओठांवर यायचा आणि माझ्याकडे बघून परत आत जायचा. "गोटे पण काय एक्सप्रेसिव्ह आहेत ना इथले!" असंही एकदा म्हणाले, केवळ काहीतरी हलतं राहावं म्हणून. नंतर ते दिसेनासे झाले.

बऱ्याच वेळानं मी शोधायला गेले, तर भाऊजी गुडघ्यांवर बसून माझ्या कोथिंबीरवड्यांच्या डब्याच्या झाकणानं गोटे उपसत होते. तिथला रस्ता अरुंद, त्यामुळे सकाळी गाडी सरळच लावावी लागली होती, आणि ती तशी उभी असलेली त्यांना पाहवेना. नुसतं तोंड फिरवून ठेवू म्हणून त्यांनी ती रस्त्यावरून खाली घेतली आणि चाकं गोट्यांत पार रुतून बसली. चाकांखाली आमची सतरंजी घालून झाली होती. गोटे उपसावेत तितके पुन्हा आत घरंगळत होते.

"भाऊजी! पळून चालला होतात?"

"नाही गं, आईशप्पथ! टर्न करून ठेवत होतो फक्त. जस्ट इन केस."

मला हसू आवरेना. गाडी ओढून काढणाऱ्या रिकव्हरीवाल्यांना फोन करायला मी मोबाइल काढला, तर त्यांनी माझा हातच धरला.

"आत्ता नको. ती व्हॅन पिवळा लाइट फिरवत बरोब्बर तिच्या केबिनसमोरून येणार. ती उठेल."

"मग काय करायचं?"

"काय करणार? तिचं होईपर्यंत बसायचं."

आणि ते खरोखर बसले. गाडीच्या आडोशाला, केबिनमधून दिसणार नाही अशा बेतानं. एक पाय हलायला लागला की दुसऱ्या पायानं त्याला दाबायचे. वाऱ्यानं कान लालबुंद झाले होते. मी वडी पुढे केली, ती त्यांनी बसल्या बसल्या चावून चावून खाल्ली. मग समुद्राकडे बघत म्हणाले, "तुला वाटतं मी बोअर होतो. बोअर नाही गं होत. ती अशी रमली ना, की मी आहे की नाही, तिला पत्ताच नसतो. दोन वर्षांसाठी म्हणून आणलं तिला इकडे, नंतर राहूनच गेलो. एक दिवस ती अशीच कुठेतरी बसेल आणि तिच्या मनात येईल, या माणसाबरोबर आपण आलोच कशाला? भीती वाटते मला. म्हणून हॉर्न वाजवतो."

मी म्हटलं, "पण भाऊजी, हॉर्न वाजवल्यावर दर वेळी आलीच ना ती?"

"आली. पण मेंढी राहिली ना तिची."

डब्यातल्या उरलेल्या वड्या आम्ही दोघांनी संपवल्या.

उन्हं उतरल्यावर ताई आली. बोटांना निळा रंग, केस विस्कटलेले. तिनं आधी रुतलेली गाडी बघितली, मग सतरंजी, मग भाऊजींची मळलेली पँट. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"अहो, हे कधी झालं?"

"झालं मघाशी. लंचच्या आधी."

"आणि तेव्हापासून तुम्ही काय करताय?"

"बसलोय," भाऊजी म्हणाले. "तुझं झालं का पूर्ण?"

दिवसभर ज्या नजरेनं ताई समुद्राकडे बघत होती, त्याच नजरेनं ती आता त्यांच्याकडे बघत राहिली. भाऊजी पार अवघडून गेले, पण हलले नाहीत. रिकव्हरीला फोन करायचा म्हणून मी गोटे तुडवत लांब गेले, आणि बराच वेळ तो केलाच नाही.