मालूबाईची खरवड

मालूबाईला लोक सुगरण म्हणत, आणि तेच तिला भोवलं. हाताला चव नसती तर बाई सुखात राहिली असती, असं माझं स्पष्ट मत आहे. तिची लेक लीलामावशी म्हातारपणी आमच्या शेजारी राहायला आली, तिनंच मला हे सगळं सांगितलं.

इंग्रजी अमदानीत लालबागेत, मुंबईच्या नव्हे, आमच्याकडच्या, एका गिरणीच्या साहेबाचा बंगला होता. मालूबाई तिथे धान्य निवडायला जायची. नवरा वारलेला, मुलगा नाही, एकुलती लेक लीला डोईफोडिया गावी दिलेली. बंगल्यामागच्या खोलीत राहायची मुभा होती. लीलाचं माहेर म्हणजे तेवढंच. मग खानसामा मडमेशी भांडून निघून गेला आणि झारा मालूबाईच्या हातात आला.

मडमेचा जीव एकाच पदार्थावर. विलायतेहून आणलेला एक जाड लोखंडी हंडा होता. त्यात दूध, लोणी, मैद्याच्या पोकळ नळ्या आणि चीज, सगळं एकत्रच शिजवायचं. मालूबाई चीजला नासलेलं दूध म्हणे आणि नाकाला पदर लावून ते किसे. एकदा नळ्यांच्या डब्यात किडे झाले. मडम रडकुंडीला आली, तेव्हा मालूबाईनं आपल्या खोलीतून सरगुंडे आणले. भिजवलेल्या कणकेची दोरी काडीवर गुंडाळायची, काडी ओढून काढायची आणि वाळवायचं, की झाली पोकळ नळी. आमच्याकडे ते लग्नात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर खातात. तिनं ते हंड्यात टाकले. साहेबानं पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. झालं, मुंबईहून डबे मागवणं बंद आणि मालूबाईची रजाही बंद.

लीलाच्या लग्नानंतरची पहिली आखाजी आली. आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, पण आपली आपण जात नाही. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. कोणी आलं नाही तर सासू सोडत नाही, आणि वर शेजारणी तोंडावर विचारतात, तुला माहेर आहे ना गं? भाऊ नसलेल्या पोरीला आईनंच आणायचं. मालूबाईनं भाईदास गाडीवानाला आधीच सांगून ठेवलं होतं.

मडम म्हणाली, "मालू, उस दिन बड़ा साहब खाने को आएगा. तुम नहीं जाएगा."

"मेमसाब, मी नाही गेली त लेकीले कोन आनीन?"

"बाद में लाओ."

नंतर कशी आणणार? आखाजी काय मडमेसाठी थांबते? पण हे बोलायची सोय नव्हती. नोकरी सोडावी तर खोली जाते, मग लेकीला आणून बसवायचं कुठे? धरावी तर तिला आणायला जाता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

मडमेनं तो पदार्थ आधी एकदा करून दाखवायला सांगितला. मालूबाईला वाटलं, देव पावला. आज बिघडला तर मडम पाहुण्यांसाठी स्टेशनवरचा आचारी बोलावेल, आणि एका बिघडलेल्या हंड्यापायी कोणी खोली काढून घेत नाही. आपल्याकडे भात जरा खाली लागला तरी बाई मान खाली घालते. तिनं हंडा तसाच जाळावर सोडला, झाकणावर निखारे ठेवले आणि ढवळलंच नाही. अन्न मुद्दाम करपवायची तिची ही पहिलीच वेळ. वास सुटला तसा हात आपोआप पळीकडे जायला लागला, म्हणून ती हात पदरात गुंडाळून अन्नपूर्णेची माफी मागत बसली.

झाकण काढलं. वर तांबूस पापुद्रा, कडेनं खरवड. मडमेनं खरवडीचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. बंगल्यात भट्टी नव्हती म्हणून ती इतकी वर्षं ज्याला मुकली होती, ते नेमकं हेच होतं. तिच्या देशात हा पदार्थ असा लागल्याशिवाय पुरा होत नाही, हे मालूबाईला कोण सांगणार? मडमेनं तिचे दोन्ही हात धरले. "ऐसा ही, मालू. मेहमान के लिए ऐसा ही."

भाईदासची गाडी दाराशी येऊन रिकामी परत गेली. आखाजीच्या दिवशी मालूबाईनं हंड्यावर निखारे रचले आणि मोठा साहेब बोटं चाटत जेवला. त्या माणसाचा मला अजून राग येतो. बिचाऱ्याचा दोष काहीच नव्हता, तरी येतो.

पुढे जेठात रजा मिळाली तशी मालूबाई सरगुंड्यांचा डबा घेऊन डोईफोडियाला गेली. लीलाच्या सासूनं पाणी दिलं आणि विचारलं, "आता बरं वाटते का, ईहीनबाई? ताप उतरला ना?"

मालूबाईला काही कळेना. तिनं लेकीकडे पाहिलं, तर लेक जमिनीकडे पाहत होती.

मागल्या अंगणात गेल्यावर लीला म्हणाली, "गाठोडं बांधून दिवसभर ओट्यावर बसली होती मी. बाया इचारत होत्या. मंग मीच सांगतलं, माय तापानं फणफणली म्हनून."

मालूबाईनं सरगुंड्यांचा डबा तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "पुढच्या आखाजीले येतो मी, नक्की."

"येजो," लीला म्हणाली आणि डबा हातात घेतला. "नाही आली तरी चालीन. काय सांगाचं, ते मले आता येते."