सिस्टरांची पाखरगणती

सिस्टर कुठेही गेल्या की आधी मोजायच्या. लग्नाच्या मांडवात शिरल्या की पंगतीवर एक नजर फिरवून आचाऱ्याला सांगायच्या, "भात अजून टाक जी, बाहेर चाळीस माणूस उभा हाय." विहारात वंदनेला बसल्या तरी ओठ वंदना म्हणत आणि शालीच्या आत बोटांची पेरं सरकत राहत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मागच्या पौर्णिमेले बासष्ट होते, आज एकोणपन्नास. कोण नाही आलं ते पाहून राहिली. घरात बिमार असंल कोणी."

आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. गरोदर बाया, तान्ही बाळं, तापाचे रोगी घरोघरी जाऊन मोजण्यात आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर मोजायला माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी पाखरं धरली. निदान त्या सांगायच्या तरी असंच.

माझी त्यांची ओळख झाली ती नाताळच्या सुट्टीत वनखात्यानं घेतलेल्या पक्षीगणनेत. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच लागले होते. गोंदियाच्या बाजारात वाढलेली मुलगी, घरात अर्धी हिंदी, अर्धी मराठी. चिमणी, कावळा, कबुतर यापलीकडे माझं पाखरांचं ज्ञान नव्हतं. स्वयंसेवक हवेत असा निरोप शाळेच्या ग्रुपवर आला आणि सुट्टीत घरी बसून काय करायचं म्हणून मी नाव दिलं. सकाळी सहाला तलावाच्या पाळीवर पोचले, तर मळकट हिरवा स्वेटर, कानाला मफलर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट अशी एक ठेंगणी बाई दुर्बीण पुसत उभी. पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यात काळे ठिपके हलत होते.

"किती दिसून राहिले?" मी नाव आणि शाळा सांगताच त्यांनी विचारलं.

"खूप," मी म्हटलं.

"खूप हा आकडा कोणत्या वर्गात शिकवता, मास्तरीणबाई?"

त्या दिवशी त्यांनी मला मोजायला शिकवलं. गणिताची बाई असून मला ते येत नव्हतं. थव्यातली दहा पाखरं आधी नीट मोजायची, दहा म्हणजे केवढा तुकडा होतो ते डोळ्यात बसवायचं, मग तेवढेच तुकडे थव्यावर अंथरत जायचं. डावीकडून उजवीकडे एकदा, उजवीकडून डावीकडे एकदा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. माझे कधीच जुळत नसत. सिस्टर चहा ओतत म्हणायच्या, "थंडी हाय तोवर ते कुठं जात नाहीत. मोज आरामात."

पाखरांचा नाद त्यांना दरेकशाकडे नोकरीला असताना लागला. पॅसेंजर गाडीतून त्या लहानशा स्टेशनावर उतरायचं आणि लशीचा निळा डबा हातात घेऊन डोंगरातल्या टोल्यांवर, म्हणजे पाड्यांवर, पायी जायचं. वाटेत सोबत चालणाऱ्या बाया झाडावरचं पाखरू दाखवून त्याचं गोंडी नाव सांगत. सिस्टर ते लसीकरणाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत. पुस्तकातली नावं फार उशिरा आली. दुर्बीण तर रिटायर झाल्यावर. "एका हातात डबा, एका हातात छत्री. दुर्बीण काय दातात धरू?" असं त्यांचं म्हणणं.

हिवाळी पाहुणे उत्तरेकडून येतात, तिकडेच अंडी घालतात आणि इथे फक्त थंडी काढतात, हे मी त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं तेव्हा त्या चहा ओतता ओतता थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे बाळंतपणाले तिकडं जातेत. मंग त्यायचं माहेर तिकडं, सासर इकडं."

"असं म्हणता येईल."

"मंग आपून सासरचे लोक झालो ना, पोरी. नीट वागाले पाहिजे."

तेव्हापासून तलावाकाठी कोणी मोठ्यानं बोललं की त्या ओठावर बोट ठेवून म्हणत, "सुना जेवून राहिल्या." फोटो काढायला पुढे सरसावणाऱ्या एका साहेबांनाही त्यांनी हेच ऐकवलं. ते साहेब वनखात्यातले मोठे अधिकारी होते हे आम्हाला नंतर कळलं. सिस्टरांना कळूनही फरक पडला नाही.

आमची जोडी जमली. दरवर्षी तीन तलाव आमच्याकडे असत. माझ्या स्कूटीवर मागे सिस्टर, त्यांच्या मांडीवर थर्मास, पिशवीत लाखोरी डाळीचे वडे. धानाची कापणी झालेली असायची. शेताच्या बांध्यांमधून रचलेले धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे आणि त्यांच्यावर बसलेले नीलपंख दिसायचे. सिस्टर मागून ओरडायच्या, "थांब, थांब, एक राह्यला!" आणि मी ब्रेक मारायची.

चौथ्या वर्षी तिसऱ्या तलावावर आम्हाला अडवलं. पाळीवर पंधरावीस माणसं उभी होती, सगळी मासेमारी करणारी. पुढे सोसायटीचे अध्यक्ष दशरथभाऊ. कोणीतरी गावात उठवलं होतं की पाखरं मोजायला येतात, मग तलाव पाखरांसाठी राखीव होतो आणि मासेमारी बंद पडते. चाळीस घरांची चूल त्या पाण्यावर होती.

"वापस जा," दशरथभाऊ म्हणाले. "मोजाबिजाचं काम नाही इथं."

मी स्कूटी वळवायलाच लागले होते. सिस्टर उतरल्या, मफलर सोडला आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा तोंड दिसलं आणि घोळक्यातली दोनचार माणसं मागे सरली.

"दशरथ, मले ओळखलं का?"

"हो जी, सिस्टर," दशरथभाऊंचा आवाज खाली आला. सिस्टरांची या गावी पाच वर्षं नोकरी झाली होती.

"मी तुमची मासोळी मोजाले नाही आली. आन् मी काय लिहितो ते पाठवाच्या आधी तुमाले वाचून दाखवीन. विश्वास नसंल तं तुमच्याच डोंग्यात बसवा. तुमीच दाखवा कोणतं पाखरू कुठं बसते."

लोक आपसात बोलले. मग दोन डोंगे पाण्यात आले. कोरलेल्या लाकडाचा तो डोंगा जरा कुठे हललं की कलतो. मी दोन्ही काठ धरून डोळे मिटले होते. सिस्टर मात्र पुढच्या डोंग्यात ताठ बसून आकडे सांगत होत्या आणि दशरथभाऊ बांबूनं डोंगा ढकलत दुरुस्त करत होते. "तिकडं लव्हाळ्यात अजून अडया बदकं हायेत सिस्टर, त्या नाही धरल्या तुमी." काठावरून आम्ही तीन वर्षं दरवेळी जेवढी पाखरं मोजली होती, त्याच्या दुपटीच्या जवळ त्या दिवशी निघाली. सगळे खुशीत होते.

शेवटच्या कोपऱ्यात दशरथभाऊंनी डोंगा थांबवला. उथळ पाण्यात सारसाची जोडी उभी होती, माणसाएवढी उंच, लाल मानेची. त्यांच्या मधे तपकिरी डोक्याचं एक पिल्लू. पावसाळ्यात इथेच घरटं होतं, त्यांनी हळूच सांगितलं, आणि तेव्हापासून या कोपऱ्यात कोणी जाळं टाकलं नव्हतं. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. "पिलू पाहून हात नाही चालत, सिस्टर."

सिस्टर दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहत राहिल्या.

पाळीवर परत आल्यावर त्यांनी कागद वाचून दाखवला. सारस तीन, हे ऐकताच दशरथभाऊ म्हणाले, "ते खोडा. बाकीचं राहू द्या. सारस निघाला म्हंजे तलाव गेला."

मला त्यांचं पटलं. मी सिस्टरांच्या कानाशी म्हटलं, "सोडून देऊ ना. तीनच तर आहेत."

सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तसं कधी म्हटलं नाही. मग त्या दशरथभाऊंना म्हणाल्या, "तुया पोरीचं वजन कमी भरलं होतं, आठवते? तुयी सासू म्हणे, कार्डावर जास्त लिहा, लोक नावं ठेवतेत. मी जास्त लिहिलं असतं, तं पोरीले दवाखान्यात कोणी नेलं असतं?"

दशरथभाऊ पाण्याकडे बघत राहिले. ती पोरगी आता बारावीत होती.

"पण कागदावर नुसते पाखरंच लिहावं असं थोडी हाय," सिस्टर पुढे म्हणाल्या आणि शेऱ्याच्या जागी लिहू लागल्या, मोठ्यानं वाचत. या कोपऱ्यात घरटं होतं. सोसायटीनं आपणहून जाळं टाकलं नाही. मोजणी सोसायटीच्या डोंग्यांतून झाली. "घ्या, सह्या करा."

"आन् तरीबी तलाव बंद झाला तं?"

"ग्यारंटी नाही देत जी. पण मी तुमच्यासंगं त्या वनखात्याच्या हापिसासमोर येऊन बसीन. किती दिवस लागले तरी."

सह्या झाल्या. कागद वनखात्याकडे गेला. आणि पुढचे दोन महिने सिस्टर हैराण होत्या. मला फोन करून विचारायच्या, "काही आलं का?" माझ्याकडे काय येणार होतं! एकदा म्हणाल्या, "लिहिलं ते बरोबरच लिहिलं. पण बरोबर लिहून त्यायचं नुकसान झालं तं मी त्या गावात तोंड कसं दाखवू, पोरी?"

फेब्रुवारीत वनखात्याची गाडी आली. दोन अधिकारी उतरले. सिस्टर सकाळपासून पाळीवर हजर, आणि अंगात चक्क नोकरीतली पांढरी साडी. दशरथभाऊंनी साहेबांना डोंग्यात बसवून कोपऱ्याकडे नेलं. आम्ही काठावर थांबलो. पाण्यावर बदकांचा मोठा थवा उतरला, मी म्हटलं, "सिस्टर, बघा तरी." त्या दोन तासांत त्यांनी एकही पाखरू मोजलं नाही.

डोंगा परतला तेव्हा मोठे साहेब हसत होते. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. मासेमारी चालू राहू द्या, म्हणाले, फक्त तो कोपरा पावसाळ्यात आजवर सोडलात तसाच सोडत जा. "शेरा वाचला मी. असे कागद आमच्याकडे येत नाहीत," ते सिस्टरांकडे वळून म्हणाले.

"येतीन कसे? कोणी बसून लिहीत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. मग लगेच माझ्यावर खेकसल्या, "काय पाहून राहिली? वडे काढ, साहेब उपाशी हायेत."

त्यानंतर आणखी एक हिवाळा त्या आल्या; सारस पुन्हा तीनच निघाले, पिल्लू मात्र नवं होतं. मग गुडघे पार थकले आणि लेकीनं नागपूरला नेलं. गोंदिया स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो, तर दशरथभाऊंची बायको माशाच्या रश्श्याचा डबा घेऊन उभी. "डब्ब्यातले लोक उतरून जातीन ना वासानं," सिस्टर कुरकुरल्या, पण डबा मांडीवर घट्ट धरला. गाडी सुटता सुटता खिडकीतून म्हणाल्या, "तिन्ही तलावांवर तुयं नाव देऊन टाकलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तं नाही म्हणाली असती." गाडी हलली.

त्या डिसेंबरात मी पहिल्यांदा एकटी डोंग्यात बसले. डोळे उघडे ठेवून. कोपऱ्यात सारस दोन होते. दुपारी कागदाचा फोटो नागपूरला पाठवला आणि मिनिटभरात फोन आला.

"दोनच? पिलू?"

"दशरथभाऊ म्हणतात, या पावसाळ्याच्या तोंडी ते दुसरीकडे उडून गेलं."

"तू पाह्यलं उडताना?"

"नाही, सिस्टर."

"मंग ते नको लिहू. दोनच ठेव."

"दोनच ठेवलेत."

मग आवाज बदलून त्यांनी विचारलं, "पण मले सांग ना. दशरथ काय म्हणे? कसं गेलं ते?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सकाळची वेळ होती, आभाळ भरून आलं होतं. आधी ते पाण्यावरून नुसतंच पळालं, दोनदा परत आलं, तिसऱ्यांदा वर उठलं आणि धानाच्या बांध्यांवरून उगवतीकडे निघून गेलं. मोठे दोघं मान वर करून ओरडत राहिले, आणि दशरथभाऊंनी हातातलं जाळं तसंच धरून ठेवलं, ते दिसेनासं होईपर्यंत. सांगून झालं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांग."