चादरींचा मोर्चा आणि नळाचा आवाज

चौकातल्या फोटो स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला गेलेल्या प्रत्येकाला माझ्या काकांनी कधी ना कधी सांगितलेलं आहे, हनुवटी जरा खाली. त्यामुळे आमचं आडनाव कुणाच्या लक्षात नाही. काका सगळ्यांचे हनुवटीकाका.

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक स्टूल, छत्र्या लावलेले दोन दिवे, मागे पांढरा पडदा आणि एक आरसा. आरशाखाली कंगवा आहे, तो दोरीने बांधलेला, कारण आधीचे चार गिऱ्हाइकांच्या खिशातून निघून गेले. मागच्या खोलीला तिन्ही बाजूंनी जाड काळे पडदे. पूर्वी तिथे फोटो धुतले जायचे. आता तिथे काकांचा संगणक आहे आणि छतापर्यंत व्हिडिओ कॅसेटी.

काका विशीत या स्टुडिओत कामाला लागले तेव्हा मालकाने नुकताच लग्नांच्या शूटिंगसाठी खांद्यावर ठेवायचा कॅमेरा घेतला होता. तो वाहून नेणं हे काकांचं काम. लग्न उरकून परत येताना रस्त्यात मोर्चा दिसला की काका सायकल भिंतीला टेकवायचे आणि उरलेली टेप त्यावर खर्च करायचे. काकू विचारायची की तुम्ही कोणत्या पक्षाचे. काका कुठल्याच नव्हते. "लग्नात सगळे कॅमेऱ्याकडे बघतात," ते सांगायचे, "मोर्चात कुणी बघत नाही. मला न बघणारी माणसं आवडतात."

आणि रविवारी दुपारी त्याच मागच्या खोलीत त्यांचे तीन मित्र वाजवायला यायचे. वाजवायचे म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. एक नळदुरुस्तीवाला होता. तो वेगवेगळ्या लांबीचे पाइप दोरीने टांगायचा आणि त्यांतून बादलीत पाणी ठिबकवायचा. दुसरे शाळेतले चित्रकलेचे मास्तर. ते टेबलफॅनच्या जाळीला कागदाच्या पट्ट्या लावायचे आणि वेग कमीजास्त करायचे. तिसरी एका वकिलाच्या कचेरीतली टायपिस्ट. तिचा टाइपरायटर ओळ संपली की घंटी द्यायचा, आणि त्या घंटीवर बाकीच्या दोघांनी थांबायचं असा नियम होता. तो कुणी पाळत नसे. काकू तेव्हा वरच्या मजल्यावर राहायची. ती पहिल्यांदा खाली आली ती आवाजाची तक्रार करायला. काका म्हणाले, बसा, संगीत आहे. तिने अर्धा तास बसून विचारलं, "संगीत कुठून सुरू होतं ते सांगा, मी तिथून ऐकते." पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

मालक थकल्यावर स्टुडिओ काकांकडे आला. पुढे लोक फोटो फोनवरच काढू लागले आणि काकांच्या दुपारी रिकाम्या झाल्या. मग त्यांनी एक छोटी डबी विकत आणली, तिच्यातून जुन्या कॅसेटी संगणकात घेतल्या आणि दर शनिवारी एक इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. नावं देण्यात त्यांनी डोकं चालवलं नाही. 'पाइप, पंखा, टाइपरायटर. रविवार. पाऊण तास.' 'बसवाहकांचा मोर्चा. ऊन फार.' 'तेच तिघे. पंखा बिघडलेला.' कुठे चाळीस माणसं बघायची, कुठे नव्वद. खाली कुणी दोन शब्द लिहिले की काका पत्राला उत्तर द्यावं तसं लिहायचे: आपला मजकूर पोचला, आनंद झाला, घरी सर्वांना नमस्कार सांगणे.

मग त्यांनी चादरींचा मोर्चा टाकला.

मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यातल्या बायकांचा तो मोर्चा. तिथल्या वाफेच्या खोलीला खिडकी नव्हती. ती मागायला दोनेकशे बायका निघाल्या होत्या आणि फलक नव्हते म्हणून धुतलेल्या चादरीच बांबूंना बांधून आणल्या होत्या. चित्र अजून स्वच्छ आहे. पांढऱ्या चादरी वाऱ्यावर फुगलेल्या, बायकांची तोंडं घोषणा देताना उघडलेली. पण त्या तोंडांतून घोषणा निघत नाहीत. निघतो तो पाण्याचा थेंब. टप. मग पंख्याची घरघर. मग टप. मधूनच घंटी.

आठवड्याभरात एकोणीस हजार माणसांनी तो बघितला. कुठल्याशा विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने चार परिच्छेद लिहिले: कष्टकरी बाईच्या तोंडून तिचा आवाज काढून घेऊन तिथे तिच्याच कामातलं पाणी ठेवणं ही केवढी धाडसी कल्पना. काकांनी ते काकूला दोनदा वाचून दाखवलं. काकू भाजी निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "अहो, तुमच्याकडे कोरी टेप नव्हती."

खरं तेच होतं. त्या रविवारी तिघे वाजवायला बसले होते आणि कोऱ्या कॅसेटी मालकाच्या कुलपात. पिशवीत एकच कॅसेट, शुक्रवारच्या मोर्चाची. एडिटिंगच्या मोठ्या मशीनवर चित्र तसंच ठेवून नुसता आवाज नव्याने भरायचं एक बटण होतं. काकांनी ते दाबलं. चित्र वाचलं म्हणून स्वतःवर खूश झाले. घोषणा काय, पुन्हा देतील, असं त्या वेळी म्हणालेही होते.

विद्यार्थिनीला मात्र त्यांनी उत्तर लिहिलं: आभारी आहे, आपण अगदी बरोबर ओळखलंत.

नळवाल्याने तर तो मजकूर छापून हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. तिघांतला तोच आता शहरात उरला होता. कुणाकडे वॉशर बदलायला गेला तरी पेटी मुद्दाम सावकाश उघडायचा.

असे दहाबारा दिवस मजेत गेले. मग एका ओळीचा मजकूर आला. पाठोपाठ दुसरा, मोठा. लिहिणारी बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला बस चालवत होती. तिने लिहिलं होतं की चार मिनिटं दहा सेकंदांवर एक बाई हातगाडीवर चढून काहीतरी बोलते, बाह्या वर केलेली, ती माझी आई. मी तीन वर्षांची असताना ती गेली. घरी तिचे फोटो सहा आहेत, आवाज एकही नाही. तुमच्याकडे ही फिल्म संगीताशिवाय असेल ना? ती काय म्हणते एवढंच ऐकायचं आहे.

काकांनी ते काकूला वाचून दाखवलं नाही. संगणक बंद केला आणि पुढच्या खोलीत येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी दोन गिऱ्हाइकांना हनुवटी वर करायला सांगितलं. तिसऱ्याचा फोटो डोळे मिटलेला निघाला आणि तो तसाच छापून दिला. गिऱ्हाईक परत आलं तेव्हा काकूला कळलं की काहीतरी बिनसलंय. तिने मजकूर स्वतः वाचला. मग एवढंच म्हणाली की लिहून टाका खरं काय ते, तिला वाट बघायला लावू नका.

काकांनी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. तुमच्या आईचा आवाज माझ्याकडे होता, तो मी नळाच्या पाण्यासाठी पुसला, हे कोणत्या शब्दांत लिहायचं. चौथ्यांदा लिहून झालं तेव्हा वाटलं, निदान बाईला खात्रीने तरी सांगावं. म्हणून त्यांनी खणातून त्या मोठ्या मशीनचं माहितीपुस्तक काढलं. मशीन आलं तेव्हापासून ते प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. पुस्तक वाचून मशीन चालवणाऱ्याला हातातलं काम येत नाही, अशी काकांची पक्की समजूत. त्यांनी पिशवीही फोडली नव्हती.

एकतिसाव्या पानावर त्या बटणाची माहिती होती. खाली बारीक अक्षरांत एक टीप. या कॅसेटवर आवाज दोन जागी नोंदला जातो. एक टेपच्या कडेच्या पट्टीत, दुसरा चित्राच्या खाली, चित्राबरोबरच. हे बटण फक्त कडेचा आवाज बदलतं. चित्राखालचा मूळ आवाज तसाच राहतो.

काकांनी टीप वाचली. चष्मा पुसून परत वाचली. मग काकूला हाक मारून तिच्याकडून वाचून घेतली, कारण आपल्याला हवं तेच आपण वाचतोय अशी त्यांना भीती वाटली. त्यांचा आताचा प्लेअर स्वस्तातला होता, त्याला कडेची पट्टी तेवढी वाचता यायची. खालचा आवाज वाचणारं मशीन एकच, ते मोठं. आणि ते त्यांनी केव्हाच नळवाल्याला देऊन टाकलं होतं.

नळवाल्याकडे त्यावर टीव्ही ठेवलेला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याची अडचण वेगळी होती.

"म्हणजे लोकांना कळणार की आपण ठरवून काही केलं नाही."

"कळेल."

"आणि पेटीवरचा कागद?"

काका म्हणाले, कागद राहू दे, त्यातलं पाण्याबद्दलचं खरंच आहे. नळवाल्याने थोडा वेळ टीव्हीकडे बघितलं. मग उठून तो उचलून खाली ठेवला. "टीव्ही खाटेवरूनही दिसतो," म्हणाला. मशीन मात्र त्याने काकांच्या हाती दिलं नाही. स्वतःच्या स्कूटरवर पुढे पायांमध्ये धरून स्टुडिओत आणलं आणि तिथेच थांबला.

पुढची दुपार दोघांनी मशीन उघडून ते साफ करण्यात घालवली. आत वर्षानुवर्षांची धूळ आणि एक वाळलेली पाल. नळवाला पान्यांचा माणूस, त्याला इतक्या हळू हाताची सवय नव्हती. काका मऊ चामड्याचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून फिरता भाग पुसत होते आणि दर दोन मिनिटांनी त्याला लांब बस म्हणत होते. संध्याकाळी मशीन चालू झालं, पण काकांनी ती कॅसेट लावली नाही. नळवाला म्हणाला, आधी आपण बघून घेऊ, आवाज आहे की नाही. काका नाही म्हणाले. असलाच तर पहिल्यांदा आपण ऐकायचा नाही.

त्यांनी बाईला खरं काय झालं होतं ते सगळं लिहिलं. बटण, कोरी टेप, आपण घेतलेली खोटी शाबासकी, आणि एकतिसावं पान. शेवटी लिहिलं, आवाज असेलच असं सांगता येत नाही, पण येऊन बघावं.

ती गुरुवारी आली, तिच्या सुट्टीच्या दिवशी. तिशी ओलांडलेली, उंच. दार ढकलून आत आली आणि आधी आरशासमोर उभी राहून केस सारखे केले. काकूने पाणी दिलं. नळवाल्याने स्वतःची ओळख करून दिली, मीच तो नळ. ती हसली. म्हणाली, मी तुमचा नळ चाळीस वेळा ऐकलाय.

मागच्या खोलीत चौघांना जेमतेम जागा. काकांनी कॅसेट आत ढकलली आणि मशीनवरची कळ खालच्या आवाजाकडे फिरवली. चित्र आलं. चादरी, बांबू, बायका. पाण्याचा थेंब पडला नाही, पंखाही नाही. काहीच नाही. मिनिटभर नुसती खरखर. काकांनी हात गुडघ्यांवर दाबून धरले होते. मग एकदम, कुणी दार उघडावं तसा, रस्ता आत आला. चपला, हॉर्न, दोनशे बायकांचा एक सूर: खिडकी द्या, खिडकी द्या.

बाई मशीनवरच्या मिनिटांच्या आकड्यांकडे बघत होती. चार मिनिटं. चार पाच. चार दहा. हातगाडीवर ती बाह्या वर केलेली बाई चढली, एक हात कमरेवर, आणि आवाज आला. जाड, घोगरा, मागच्या रांगेपर्यंत जाणारा:

"चादरी खाली लोळवू नका गं. आपल्यालाच धुवायच्या आहेत."

काकू पटकन बसचालक बाईकडे वळली. तिला वाटलं, तीच बोलली.

पडद्यावर दोनशे बायका हसत सुटल्या. बांबू वर झाले, चादरी जमिनीवरून उचलल्या गेल्या. गाडीवरची बाई आणखी काही बोलली. साहेबांनी एक तास आत उभं राहून दाखवावं, मग खिडकी नको म्हणावं. चार हव्यात, एक नाही. मग कुणीतरी तिला हात देऊन खाली उतरवलं.

खोलीत प्रथम नळवाला हसला, मग ती. हसता हसताच तिने ओढणीच्या टोकाने डोळे टिपले. आईचं भाषण कसं असेल याचा तिने लहानपणापासून खूप विचार केला होता, ती सांगू लागली. शाळेत असताना तर तिने ते स्वतः लिहूनही ठेवलं होतं, मोठमोठ्या शब्दांचं. चादरींचं काही त्यात नव्हतं. आणि खिडकी, काकूने विचारलं, मिळाली का? मिळाली, ती म्हणाली. एक.

काकांनी विचारलं की तो संगीताचा व्हिडिओ आता काढून टाकू का, त्याजागी हा ठेवू. नळवाला छताकडे बघू लागला. बाईने दोन्ही ठेवायला सांगितलं. मात्र पहिल्याखाली कोरी टेप नव्हती हे लिहायचं, आणि त्या विद्यार्थिनीलाही कळवायचं. काका लगेच कबूल झाले. लिहितो म्हणाले, आजच.

मग तिने फोन काढला. वडिलांना लावते, म्हणाली. ते त्या दिवशी मोर्चाला नव्हते, तिला सांभाळत घरी होते. काकांनी टेप मागे घेतली. तिने फोन मशीनजवळ धरला. पुन्हा चपला, हॉर्न, खिडकी द्या, आणि मग चादरी खाली लोळवू नका गं.

बाईने फोन कानाला लावून बघितला. नंतर म्हाताऱ्याचा आवाज आला, थोडा वैतागलेला, शेजारच्या खोलीतून कुणी नीट बोलत नसावं तसा:

"परत लाव. आणि त्या माणसाला सांग, जरा मोठा कर."

काकांनी आवाज पूर्ण वाढवला. पुढच्या खोलीत फोटोसाठी आलेलं एक गिऱ्हाईक स्टुलावर बसून राहिलं होतं. ते दारात येऊन उभं राहिलं. त्याला कुणी बाहेर जा म्हटलं नाही.