फालतू पिक्चर

अर्नाळ्याहून आमच्या सोसायटीत मासे विकायला येणारी मावशी पापलेटाची तारीफ करताना थकत नाही, पण पिक्चरचा विषय निघाला की नाक मुरडते. नवा पिक्चर ती पहिल्याच दिवशी बघते आणि आम्हाला बजावते, "फालतू हाय गो बाय, जाव नको!" आम्ही काही आशा न धरता जातो आणि दरवेळी खूश होऊन परततो.

परवा मात्र ती नुसतीच हसली.

"मावशी, फालतूच ना?"

"या वेलेला कायच नाय सांगनार. कवाच्या खेलाला जानार, तेवढा बोल."

झालं! दिवसभर मला दम निघेना.

संध्याकाळी थिएटरात अंधार झाला, पडदा उजळला, तर दोन रांगा पुढे मावशी! पडद्याकडे पाठ करून ती माझंच तोंड बघत होती.