हात वर केलेला वादक

लातुरात आमच्या गल्लीत तो कुलर दुरुस्त करतो. चहाचा ग्लास असो की कुलरचा पत्रा, आधी दोन टिचक्या मारून आवाज ऐकायचा, मग पुढचं काम.

दोन जुने इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट त्याने एका लॅपटॉपला जोडले होते. पॅडवर काठी पडली की लॅपटॉपमधला आवाज स्पीकरवर यायचा. एका किटवर ड्रम, दुसऱ्यावर हलगी आणि संबळ. कुठल्या पॅडवर काठी पडली ते लॅपटॉपला नंबरावरून कळायचं; दोन्ही किट सारखेच नंबर पाठवायचे, म्हणून त्याने दुसऱ्या किटच्या एकेका पॅडचा नंबर बदलला. म्हणाला, "जुळे हायत काका, नावं येगळी ठेवावी लागली."

नांदेडच्या वादन स्पर्धेत तो हे किट घेऊन उतरला, तिथे मी परीक्षक होतो. जन्मभर तबला शिकवलेला माणूस मी. त्याचं वादन चालू असतानाच माईकवर म्हणालो, "हे लॅपटॉपनं वाजवलं, यानं नाही."

त्याने दोन्ही हात वर केले. स्पीकर गप्प.

"मग वाजवू द्या की त्याला, काका."

लोक मला हसले. चूक मला तिथेच कळली होती. तरी मी त्याचं नाव खोडलं, कारण पहिल्या रांगेत माझे विद्यार्थी बसले होते. वाजवत होता तो. हे मी त्या दिवशी बोलायला हवं होतं.

परवा तो माझा कुलर बघायला आला आणि थेट स्क्रू काढू लागला.

मी विचारलं, "टिचकी मारून बघत नाहीस?"

"बघतो की," तो मान वर न करता म्हणाला. "तुमच्या घरी न्हाई."