माऊस पूजेच्या पाटावर होता

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग येतो. या ग्रुपवर मी आले तीच मुळी तुमच्या गोष्टींतल्या चुका काढायला... जुने मेंबर माझ्या कमेंट्स ओळखतात. आता माझ्यावरच सांगायची पाळी आलीय, तर काय हसायचं ते हसून घ्या.

मी डोंबिवली ईस्टला राहते, छोट्या कारखान्यांना सॉफ्टवेअर लिहून देते. मानपाड्याजवळ एमआयडीसीत रंग बनवणारं एक युनिट आहे, नाव सांगणार नाही. तिथे स्टीलचा एक मिक्सर आहे – माणूस आत उभा राहील एवढा खोल, तळाशी फिरणारी पाती. पूर्वी तो भिंतीवरच्या बटणाने चालायचा. मी ते काढून कॉम्प्युटरवर आणलं. स्क्रीनवर हिरवं 'स्टार्ट', लाल 'स्टॉप'. बटणावर क्लिक झालं की पुढे काय करायचं, तो कोड आम्ही लिहितो. त्याला हॅण्डलर म्हणतात. क्लिक नाही तर हॅण्डलर चालत नाही. विषय संपला... असं मला वाटायचं.

मिक्सर चालवायला भोईरकाका. मानपाड्याचेच, बावीस वर्षं त्याच मशीनवर. नवीन सिस्टिम आल्यापासून त्यांची एकच तक्रार.

"बाय, मी हात पन नाय लावला. तो बटन सोताच दाबला जातो."

दोन वेळा असा मिक्सर आपोआप सुरू झाला, अर्धवट माल फुकट गेला. शेट भडकले. मी तर जास्तच भडकले. यांना माऊस धरता येत नाही आणि नाव माझ्या कोडचं खराब! सगळ्यांसमोर मीच म्हणाले, "काका, कॉम्प्युटरला हात नसतात. तुम्हीच कुठेतरी क्लिक करताय." मग 'स्टार्ट' दाबल्यावर 'नक्की सुरू करायचं?' असं विचारणारी एक विंडो टाकली, आणि प्रत्येक क्लिकची वेळ आणि युजरचं नाव नोंदवणारा लॉग लिहिला. खरं सांगते, तो लॉग काकांना पकडायलाच होता. कारण शेटनी त्यांना बजावलेलं – पुन्हा असं झालं तर घरी बसायचं.

महिनाभर काही झालं नाही. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली.

खंडेनवमीला शेटनी मला पूजेला बोलावलं. सकाळचे अकरा वाजलेले, शेडमध्ये झेंडूच्या माळा, लखलखीत ऊन. वहिनींनी, म्हणजे शेटच्या मिसेसनी, माऊस आणि कीबोर्ड वायरीसकट काढून बाहेर पाटावर मांडले आणि त्यांना हळदकुंकू वाहिलं. मिक्सरची पूजा राहिली होती, कारण काका आत उतरून तो तारेच्या ब्रशने घासत होते. पूजेआधी मिक्सर ते स्वतःच धुवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. उतरण्याआधी ते मेन स्विच बंद करायला गेले तर शेट ओरडले, "काका, मेन नको! स्क्रीन जाईल. मला चालू स्क्रीनचा फोटो काढायचाय." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मी कॉम्प्युटरच्या केबिनमध्ये एकटीच होते. मॉनिटरला माळ घालत होते. साधा मॉनिटर, टचस्क्रीन नाही.

समोर 'स्टार्ट' आत गेलं.

क्लिक केल्यावर बटण दबलेलं दिसतं ना, तसं. विंडो आली. 'नक्की सुरू करायचं?' मग त्यातलं 'होय' आत गेलं. सावकाश. जे काही होतं त्याला कसलीच घाई नव्हती. आत माणूस आहे हे त्याला माहीत होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

काकांची किंकाळी आली. माझा हात सवयीने माऊसकडे गेला आणि रिकाम्या टेबलावर आपटला. ते दोन सेकंद वाया गेले. मग धावत जाऊन मेन स्विच पाडला.

काकांनी एका हाताने काठ धरून पाय वर ओढले होते म्हणून वाचले. डावा हात दोन ठिकाणी मोडला.

शेटनी लॉग उघडायला लावला. स्टार्ट, ११ वाजून ७ मिनिटं. होय, ११ वाजून ७ मिनिटं. युजर – भोईर. सकाळी स्क्रीन चालू करायला त्यांनीच लॉगिन केलेलं.

"मेन बंद केला नाही, लॉगआऊट केलं नाही. चूक काकांचीच," शेट म्हणाले. माझ्याकडे वळले. "बरोबर ना, मॅडम?"

मी मान खाली घातली. त्याच आठवड्यात काकांना कामावरून काढलं.

प्रोग्रामची कॉपी मी घरी लॅपटॉपवर आणली. व्हायरस, नेटवरून कुणी घुसलं का, सगळं तपासलं. काही नाही. शेवटी हॅण्डलरच उडवला. लॉग लिहिणाऱ्या ओळीही काढल्या. आता ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी भाताचा कुकर लावून आले, तर लॉगमध्ये नवी नोंद. स्टार्ट. होय. युजरच्या जागी माझं नाव.

तेव्हा मी चक्क घाबरले. लॅपटॉप पुसून टाकला.

काकांना भेटायला गेले. काकूंनी पाणी दिलं आणि आत निघून गेल्या. काका प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेले.

"तुमी बगितला ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका. कुणीच दाबलं नव्हतं."

"मंग येवढा शेटला सांगा. काम नाय दिला तरी चालंल. मी खोटारडा नाय, येवढाच सांगा."

सांगते म्हणाले आणि निघाले. आणखी चार कारखान्यांत माझंच सॉफ्टवेअर चालतं. जिच्या सॉफ्टवेअरने मशीन आपोआप सुरू होतं, त्या बाईला उद्या कोण दारात उभं करेल?

बटण कसं दाबलं गेलं, मला आजही माहीत नाही. शेटना अजून फोन केलेला नाही, आणि तो का केलेला नाही हे मला पुरतं माहीत आहे.